माझा क्लास बदलला तेव्हा

पॅरा ॲथलेटिक्समध्ये, म्हणजे दिव्यांगांच्या ॲथलेटिक्समध्ये, प्रत्येक खेळाडूच्या नावाला एक अक्षर आणि एक आकडा जोडलेला असतो. सुमित अंतिलच्या नावापुढे एफ ६४, आमच्या माणदेशातल्या करगणीच्या सचिन खिलारीच्या नावापुढे एफ ४६. टीव्हीवर बघणाऱ्याचं लक्ष भाल्याकडे नाहीतर गोळ्याकडे असतं, त्या आकड्याकडे सहसा जात नाही. आम्ही मात्र एकमेकांना पहिल्यांदा भेटलो की नावाआधी हेच विचारतो, ‘क्लास कुठला?’ माझा क्लास एफ ५७ होता. आता एफ ५६ आहे. एका आकड्याचा फरक, पण त्याने माझा खेळच बदलला. हा क्लास ठरवणाऱ्या तपासणीला जाण्याआधी तिथे नेमकं काय होतं हे कुणाकडून तरी नीट कळावं म्हणून मी खूप विचारपूस केली होती. जे कळलं ते तुकड्यातुकड्यात. म्हणून हे सलग लिहितोय.

एफ म्हणजे फील्ड, मैदानी प्रकार. पन्नासच्या घरातले आकडे बसून फेकणाऱ्यांचे असतात, एफ ५१ ते एफ ५७. आकडा जितका खाली, तितकी शरीरात उरलेली ताकद कमी. एफ ५४ च्या खेळाडूचे हात पूर्ण चालतात, पण पोट आणि पाठ साथ देत नाहीत. एफ ५५ चं धड बऱ्यापैकी चालतं, पाय चालत नाहीत. एफ ५६ ला खुब्यात आणि मांडीत काही जोर असतो, एफ ५७ ला त्याहून जास्त. हे ढोबळ झालं. खरी तपासणी फार बारकाईची असते.

मला पोलिओ झाला तेव्हा मी जेमतेम चालायला लागलो होतो. डावा पाय खुब्यापासून गेला, उजवा अर्धामुर्धा उरला. कॅलिपर आणि कुबडी. माण तालुक्यातल्या आमच्या गावच्या शाळेत पीटीच्या तासाला मला दप्तरं सांभाळायला बसवायचे. त्यात कुणाचा वाईट हेतू नव्हता, पण पोरं मैदानावर धावत असताना त्यांच्या दप्तरांच्या ढिगाशेजारी बसणं काय असतं, ते बसलेल्यालाच माहीत. खांदे मात्र कुबडीने घट्ट झाले होते. साताऱ्यात कॉलेजला असताना तिथल्या सरांनी ते खांदे बघितले आणि मला गोळा हातात दिला. पुढे तेच माझे प्रशिक्षक झाले.

बसून फेकायला फ्रेम लागते. लोखंडी बैठक, समोर किंवा बाजूला धरायला एक ताठ दांडी, पाय बांधायला पट्टे. उशी धरून उंची ७५ सेंटिमीटरपेक्षा जास्त चालत नाही आणि स्पर्धेआधी पंच टेप लावून ती मोजतात. माझी पहिली फ्रेम साताऱ्यातल्या एका वेल्डरने करून दिली. त्याने शेतीची अवजारं सोडून असलं काही कधी बनवलं नव्हतं. सर कागदावर चित्र काढून समजावत होते आणि तो मला पुन्हा पुन्हा बसवून मापं घेत होता. ती फ्रेम एसटीच्या टपावर टाकून आम्ही पुण्याला, बालेवाडीला जायचो. जमिनीत खुंट्या ठोकून ती चारी बाजूंनी आवळायची, कारण फेकताना फ्रेम बोटभर जरी हलली तरी अंगातला जोर जमिनीला न मिळता हवेत जातो. उभा खेळाडू वर्तुळात सरकतो, फिरतो, वेग घेतो. आम्हाला तो वेग कंबरेपासून बोटांपर्यंतच्या अंतरातच काढावा लागतो. मांडीचा मागचा भाग बैठकीवरून उठला की फेक फाउल.

इथे एका गैरसमजाबद्दल लिहायलाच हवं, कारण गावाकडून मला अजून त्याबद्दल फोन येतात. यूडीआयडी कार्डावर, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्रावर, अपंगत्वाची जी टक्केवारी असते तिचा खेळातल्या क्लासशी संबंध नाही. ४० टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याखालचं आरक्षण वगैरे मिळतं, ते वेगळं. खेळात असं बघतात की तुमच्यात जी उणीव आहे ती या विशिष्ट खेळात तुम्हाला किती अडवते. म्हणून एकाच माणसाचा पोहण्यातला क्लास वेगळा आणि फेकीतला वेगळा असतो. कार्डावर ऐंशी टक्के असलेला मुलगा एखाद्या खेळात अपात्रही ठरू शकतो. आमच्या भाषेत तो ‘एनई झाला’, म्हणजे ‘नॉट एलिजिबल’. हे ऐकून घरी परतणारी मुलं मी बघितली आहेत. त्यांना आधी कुणीतरी सांगायला हवं होतं.

राष्ट्रीय स्पर्धेतल्या तपासणीत माझा क्लास लागला एफ ५७. या क्लासमध्ये पुरुषांचा गोळा ४ किलोचा असतो. पाच-सहा वर्षं मी त्याच गोळ्याच्या मागे होतो. राज्यात पहिला यायला लागलो, राष्ट्रीय स्पर्धेत पहिल्या काहींत आलो. खडकीच्या बीईजीमध्ये, म्हणजे बॉम्बे इंजिनिअर ग्रुपच्या केंद्रात, लष्कराचा पॅरालिम्पिक नोड, म्हणजे दिव्यांग जवानांचं प्रशिक्षण केंद्र आहे. सुरुंगाच्या स्फोटात, चकमकीत पाय गमावलेले जवान तिथे तयार होतात. त्यांच्याबरोबर स्पर्धेत बसलं की आपण कुठे आहोत ते लगेच कळायचं. तरी अंतर कमी होत होतं. डोळ्यांसमोर पॅरिसचं पॅरालिम्पिक होतं.

पण राष्ट्रीय क्लासवर परदेशात खेळता येत नाही. आंतरराष्ट्रीय तपासणी व्हावी लागते आणि ती ठरावीक स्पर्धांच्या आधीच होते. माझी दुबईच्या ग्राँप्री स्पर्धेला ठरली. त्याआधी कागदपत्रं जमवण्यातच बराच काळ गेला. डॉक्टरांनी भरलेला इंग्रजीतला वैद्यकीय फॉर्म, नसांची ईएमजी तपासणी, लहानपणीचे कागद. लहानपणीचा एकच कागद आईने जपून ठेवला होता, तालुक्याच्या सरकारी दवाखान्याचा, घडीवर फाटलेला. तोही लावला.

जाण्याआधी अनेकांनी सल्ले दिले. त्यातला एक मी इथे लिहितो, कारण तो सगळीकडे कुजबुजला जातो. ‘तिथे जरा कमीच जोर लाव. खालचा क्लास मिळाला तर समोरचे कमजोर मिळतात.’ हे ऐकून मला राग आला होता आणि आजही येतो. एफ ५३ चा मुलगा, ज्याला धड सरळ बसून राहायलाही दांडी धरावी लागते, त्याच्या शेजारी एखादा धडधाकट कंबरेचा खेळाडू येऊन बसणं याला मी चोरी म्हणतो. शिवाय तपासणारे वर्षानुवर्षं हेच काम करत असतात. स्नायू खरंच थकला की कसा थरथरतो आणि मुद्दाम सोडलेला कसा सुटतो, हे त्यांच्या हाताला कळतं. मुद्दाम फसवल्याचं सिद्ध झालं तर बंदी येते. प्रामाणिक माणसालाही धाकधूक असतेच. टोकियो पॅरालिम्पिकमध्ये विनोद कुमार यांनी एफ ५२ च्या थाळीफेकीत कांस्य जिंकलं होतं. नंतर पॅनेलला त्यांचा क्लास ठरवता आला नाही आणि तो निकाल रद्द झाला. आमच्या गटातल्या प्रत्येकाने ती बातमी श्वास रोखून वाचली होती.

दुबईत तपासणीची खोली मैदानालगतच होती. आत दोघं जण. एक फिजिओथेरपिस्ट बाई आणि दुसरे, खेळाची तांत्रिक बाजू बघणारे. सोबत एकाला नेता येतं, मी सरांना नेलं. पासपोर्ट दाखवला, संमतीपत्रावर सही केली. त्यात लिहिलेलं असतं की मी पूर्ण ताकद लावीन, काही लपवणार नाही आणि माझं चित्रीकरण झालं तरी चालेल.

मग टेबलावर झोपवलं. कॅलिपर काढून बाजूला ठेवलं. एकेका सांध्याची एकेक हालचाल त्या बाई करून बघत होत्या. खुबा पुढे, मागे, बाहेर, आत. गुडघा, घोटा. दरवेळी पाय एका जागी आणून म्हणायच्या, ‘होल्ड’, आणि हाताने उलटा दाब द्यायच्या. प्रत्येक स्नायूला शून्य ते पाच गुण. हालचालच नाही तर शून्य. स्नायू नुसता फडफडला तर एक. पायाचं वजन पेलावं लागणार नाही अशा स्थितीत हलला तर दोन. जमिनीच्या ओढीविरुद्ध स्वतःचा पाय उचलला तर तीन. वरून दिलेला दाबही सहन केला तर चार, पाच.

डाव्या पायाचं सगळं झटपट उरकलं. तिथे मोजण्यासारखं फारसं नव्हतंच. उजव्याला वेळ लागला. हा माझा चांगला पाय. आयुष्यभर मी आणि घरच्यांनी त्याला असंच म्हटलेलं. पालथं झोपून मांडी मागे उचलायची होती. मी उचलली. त्या म्हणाल्या, कंबर न वळवता उचल. त्यांनी माझ्या कंबरेवर हात ठेवून ती दाबून धरली आणि मांडी हललीच नाही. पुन्हा केलं. सरांकडे बघितलं तर ते खाली बघत होते. मग कुशीवर झोपवून तीच हालचाल घेतली, तेव्हा ती झाली, पण थोडीशीच.

हे माझ्यासाठी नवीन होतं. फेकताना मी उजवा पाय जमिनीत रेटतो असं मला वाटायचं. प्रत्यक्षात तो जोर कंबर आणि बाजूचे स्नायू उचलत होते, पाय फक्त टेकलेला होता. शरीराने कधीतरी आपली वाट बदलली आणि मला त्याचा पत्ता नव्हता. नंतर पुण्यातल्या फिजिओने समजावलं की पोलिओ होऊन गेल्यावर कित्येक वर्षांनी, उरलेल्या स्नायूंचीही ताकद उतरायला लागते. जे शिल्लक तंतू असतात त्यांनी मेलेल्यांचंही काम उचललेलं असतं, ते दमतात. जिने चढताना अलीकडे जे जड व्हायला लागलं होतं, ज्याला सगळे सरावाचा थकवा म्हणत होते, ते हे होतं.

टेबलानंतर धड तपासलं. हात छातीशी बांधून, आधाराशिवाय बसून डावीकडे झुक, उजवीकडे झुक, मागे जा, परत ये. मग माझ्या स्वतःच्या फ्रेमवर बसवून फेकीची पूर्ण हालचाल करायला लावली. दांडी धरून, दांडी सोडून, पट्टे बांधून. दुसऱ्या तज्ज्ञांनी बरेच प्रश्न विचारले. सराव किती, कधीपासून, कोणता पट्टा कशासाठी. सगळं शांतपणे, आदराने चाललं होतं. दवाखान्यात लहानपणापासून माझे पाय अनेकांनी उचलून पाहिलेत, विद्यार्थ्यांच्या घोळक्यासमोरही. इथे पहिल्यांदा प्रत्येक वेळी हात लावण्याआधी मला विचारलं गेलं.

बाहेर थांबायला सांगितलं. थोड्या वेळाने आत बोलावून कागद दिला. एफ ५६. सोबत दर्जा, रिव्ह्यू, ठरावीक वर्षी पुन्हा तपासणी. आणि हा क्लास पहिल्या स्पर्धेत प्रत्यक्ष बघून पक्का होणार होता. यादीत माझ्या नावापुढे ‘ओए’ लिहिलं जाणार होतं, म्हणजे मी फेकत असताना तेच दोघं कडेला उभे राहून बघणार.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांना वाटेल, बरं झालं, खालचा क्लास मिळाला, सोपं झालं. सर खोलीबाहेर आल्यावर भिंतीला टेकून उभे राहिले आणि म्हणाले, ‘गोळ्यात छप्पन्न नाही रे.’

पॅरालिम्पिकमध्ये प्रत्येक क्लासला प्रत्येक प्रकार नसतो. खेळाडूंची संख्या आणि वेळ यांचा मेळ घालून प्रत्येक क्लासला काही ठरावीक प्रकार दिले जातात. रिओ, टोकियो, पॅरिस, तिन्हीकडे पुरुषांच्या गोळाफेकीत पन्नासच्या घरातले एफ ५३, एफ ५५ आणि एफ ५७ एवढेच होते. एफ ५६ ला होती फक्त थाळीफेक. देवेंद्र झाझरियांसारख्या माणसाला हे भोगावं लागलंय. २००४ ला अथेन्समध्ये एफ ४६ च्या भालाफेकीत त्यांनी सुवर्ण जिंकलं, त्यानंतर बीजिंगला आणि लंडनला त्यांचा प्रकारच कार्यक्रमात नव्हता. ते थांबले आणि २०१६ ला रिओत पुन्हा सुवर्ण घेऊन आले. बारा वर्षं! मी त्या रात्री हॉटेलच्या खोलीत त्यांचाच विचार करत होतो.

निकालावर हरकत घेता येते. खेळाडू स्वतः घेऊ शकत नाही, देशाच्या संघटनेमार्फतच ठरावीक वेळेत आणि शुल्क भरून घ्यावी लागते. संघाच्या व्यवस्थापकांनी विचारलं, घ्यायची का. सरांनी निर्णय माझ्यावर सोडला. मी नाही म्हटलं. मोठेपणा म्हणून नाही. ती मांडी हलली नव्हती आणि ते टेबलावर मला स्वतःला जाणवलं होतं. हरकतीत मी काय सांगणार होतो? मला गोळा आवडतो हे? दोन दिवसांनी मैदानावर सगळ्या फेकी पूर्ण ताकदीने केल्या, कडेला ते दोघं वही घेऊन उभे होते. क्लास तोच राहिला.

परत आल्यावर काही आठवडे मी बालेवाडीला गेलोच नाही, गावी राहिलो. आण्णांना क्लास वगैरे काही कळत नाही. त्यांना एवढंच कळलं की पोराच्या हातातला गोळा काढून घेतला आणि थाळी दिली. त्यांनी विचारलं, थाळी सोडायची कशी असते. मी बसल्या जागी हात फिरवून दाखवला. आण्णांनी आयुष्यभर ज्वारीच्या राखणीला माळ्यावर उभं राहून गोफण फिरवलेली. ते म्हणाले, ‘ही गोफणच की. जोर फिरवण्यात न्हाय, सोडण्यात असतो.’ त्यानंतर सर मला जे तांत्रिक शब्दांत शिकवत आले, ते सगळं या एका वाक्यात बसतं.

थाळीफेक म्हणजे माझ्यासाठी सगळं उलटं होतं. गोळा मानेजवळून सरळ रेषेत ढकलायचा असतो, कोपर वाकलेलं असतं. थाळीचा हात लांबच लांब पसरून मोठा चाप घेत येतो आणि सगळा खेळ खांदा उशिरा येण्यात आहे. आधी धड वळलं पाहिजे, हात मागे राहिला पाहिजे, मग तो सुटला पाहिजे. गोळ्याची वर्षानुवर्षांची सवय माझा हात आधीच पुढे आणायची. थाळी बोटांच्या पेरांवरून सुटताना तर्जनीवरून फिरली नाही तर हवेत लडबडते आणि जायला हवी त्याच्या कितीतरी आधीच आदळते. पुरुषांच्या बैठ्या थाळीचं वजन एकच किलो, त्यामुळे वाराही तिला नेतो किंवा पाडतो. बालेवाडीला संध्याकाळचा वारा कुठून येतो हे मला गोळ्याच्या दिवसांत कधी कळलंच नव्हतं.

फ्रेमही बदलावी लागली. गोळ्याला दांडी समोर, छातीच्या उंचीला बरी पडायची. थाळीला ती डाव्या बाजूला आणि थोडी मागे हवी, कारण डाव्या हाताने तिच्यावर ओढ घेऊनच धड वळवायचं असतं. इंच-दोन इंच सरकवत तिची जागा शोधण्यात अख्खा पावसाळा गेला. वेल्डर तोच. आता त्याच्या दुकानात माझ्या मापांची वही असते, आणि फलटणकडच्या दोन मुलांच्या फ्रेमही त्याने केल्यात. स्पर्धेत आमच्या सगळ्या फेकी सलग होतात, बाकीच्यांसारखं एक फेक करून बाजूला जाऊन बसता येत नाही. म्हणजे पहिली बिघडली तर पुढच्या मिनिटात ती दुरुस्त करावी लागते. सर लांब, दोरीपलीकडे. त्यांच्या हाताच्या खुणा बघायच्या आणि फेकायचं.

सुरुवातीच्या महिन्यांत माझी थाळी पंचविशीच्या आतच पडायची. आता ती तिशी ओलांडून पुढे गेली आहे. देशात याच क्लासमध्ये योगेश कथुनिया आहेत, टोकियोत ४४.३८ मीटर आणि पॅरिसमध्ये ४२.२२ मीटर, दोन्हीकडे रौप्य. दोन्हीकडे त्यांच्या पुढे ब्राझीलचे क्लॉडिनी बतिस्ता होते. रिओ, टोकियो, पॅरिस असं सलग तीनदा सुवर्ण. माझ्यात आणि त्यांच्यात किती मीटर आहेत ते मला नीट माहीत आहे.

पॅरिसच्या वेळी मी पुण्यात होतो. ४ सप्टेंबरला सचिन खिलारींनी १६.३२ मीटरवर रौप्य घेतलं तेव्हा आमच्या सगळ्या माणदेशाने रात्र जागवली. दोन दिवसांनी एफ ५७ ची गोळाफेक होती. नागालँडचे होकाटो सेमा, आमच्या खडकीच्या नोडमध्ये तयार झालेले जवान, १४.६५ मीटर आणि कांस्यपदक. तो माझा जुना क्लास. मी ती प्रत्येक फेक बघितली आणि त्यांच्यासाठी मोठ्याने ओरडलो. मला वाईट वाटलं का? वाटलं. पण १४.६५ मी एफ ५७ मध्ये राहूनही फेकू शकलो नसतो. ज्याच्या मांडीत जोर आहे त्याच्याबरोबर मी बसलो असतो, दरवर्षी थोडा मागे पडत गेलो असतो आणि का मागे पडतोय हे मला कधीच समजलं नसतं.

माझी पुढची तपासणी ठरलेल्या वर्षी होईल. स्नायू आणखी उतरले असतील तर आकडाही बदलू शकतो. एफ ५५ झाला तर पुन्हा गोळा, आतापर्यंतचा कार्यक्रम तसाच राहिला तर. म्हणून सरांनी आठवड्यातून एक दिवस गोळ्याचा सराव चालू ठेवायला लावलाय. फिजिओने व्यायामाचं गणितही बदललंय. पूर्वी दमेपर्यंत करायचो, आता स्नायू दमण्याआधी थांबायचं, कारण पोलिओच्या उरलेल्या तंतूंना जास्त ताणलं तर ते परत येत नाहीत. थांबणं मला सगळ्यात जड जातं.

फलटणच्या त्या दोघांपैकी एकाची यंदा पहिली तपासणी आहे. त्याला मी सांगितलं आहे, लहानपणचे असतील तेवढे कागद शोध, ईएमजी आत्ताच करून घे, आदल्या दिवशी जड सराव करू नको आणि फ्रेम सोबत ने. टेबलावर ‘होल्ड’ म्हणतील तेव्हा जेवढा आहे तेवढा सगळा जोर लाव. त्याने विचारलं, मग क्लास कुठला लागेल? मी म्हटलं, जो तुझा असेल तो. त्यात जे प्रकार असतील ते शिकायला मी तुझ्याबरोबर येतो.